गाडी पाऊण किलोमीटर मागे ठेवायला लावणारं मचाण

मचाणावर रात्र काढायला पैसे मोजणार असाल तर फोनवर सगळ्यात आधी विचारा, गाडी कुठे लावायची? बिबट्या दिसतो का, जेवायला काय असतं, मोबाइल चार्ज करायची सोय आहे का, हे सगळं नंतर. समोरचा माणूस "अगदी मचाणाच्या खाली, सावलीत लावा" म्हणाला, तर आभार मानून फोन ठेवून द्या. "गाडी लांब राहील, चालावं लागेल" म्हणाला, तरच पुढचं बोला.

या कसोटीला पुरेपूर उतरलेली एक जागा आपल्या खानदेशात आहे. सावद्याहून पालकडे निघालं की खिरोदा मागे पडतं, समोर सातपुडा उभा राहतो, केळीच्या बागा विरळ होत जातात आणि अंजन-सागाचं रान सुरू होतं. त्या कडेला एका शेतकरी कुटुंबाची जमीन आहे. खालच्या अंगाला केळी, मधे केळी भरायचं पत्र्याचं शेड, आणि वरच्या अंगाला जंगलाला लागून पडीक सोडलेला तुकडा. त्या तुकड्यात त्यांनी सिमेंटची बशी बांधली आहे, तिच्यात पाइपानं पाणी सोडतात, आणि बशीपासून थोडं अंतर ठेवून अंजनाच्या झाडाला धरून लोखंडी अँगलचं, बांबूच्या तट्ट्यांनी शाकारलेलं मचाण उभं केलं आहे. नाव आणि नंबर लिहू नका असं घरच्यांनीच सांगितलं. ते एका रात्री एकाच घरच्या किंवा एकाच ओळखीच्या माणसांना घेतात, चारपेक्षा जास्त नाही, आणि गर्दी झाली तर नाही म्हणायचा संकोच वाटतो म्हणाले. पालच्या बाजारात चौकशी केली तर पत्ता लागतो.

ही जागा मालकीच्या शेतात आहे. पालच्या भोवतीचं यावल अभयारण्य १९६९ सालचं, सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं. त्याच्या आत रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी लागते. बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची नोंद घेतं हे बहुतेकांना माहीत असेल. त्या रात्री जागा मिळाली तर उत्तमच. पण वर्षातून एक रात्र, आणि बसणारे फार. बाकीच्या दिवसांत, विशेषतः एप्रिल-मेच्या चांदण्यात, शांत बसून पाण्यावर येणारं जनावर पाहायचं असेल तर अशा शेतांतली मचाणंच उरतात.

मी भुसावळला रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालो. खंडव्याच्या लाइनवर चांदनी आणि असीरगड रोडच्या जंगलपट्ट्यातून रात्रीच्या मालगाड्या नेल्या. सावदा-रावेरची केळी दिल्लीकडे नेणाऱ्या वॅगन्स ओढल्या. त्या कामानं दोन गोष्टी अंगात मुरल्या. एक म्हणजे आवाज ओळखणं. इंजिन बंद झालं तरी ते गप्प होत नाही, हे मला कोणी सांगावं लागत नाही. दुसरी म्हणजे अंतराचा अंदाज. भरलेल्या मालगाडीला ब्रेक लावला तर ती थांबायला एक किलोमीटरसुद्धा लागू शकतो, त्यामुळे पुढचं किलोमीटर डोक्यात धरूनच ड्युटी करायची सवय होते. रुळावर आलेलं रोही, म्हणजे नीलगाय, इंजिनाच्या दिव्यात कसं खिळून उभं राहतं, हेही पाहिलं आहे. रात्रीच्या अंधाराला सरावलेला त्याचा डोळा पूर्ण उघडलेला असतो, त्यावर एकदम झोत आला की त्याला काहीच दिसत नाही. त्या जनावराची ती अवस्था ज्यानं एकदा पाहिली, तो गाडीचे दिवे पाणवठ्याकडे कधीच वळवणार नाही.

तर गाडी. शेतात वळल्यावर केळीच्या शेडपाशीच आप्पा हात करून थांबवतात. घरातले कर्ते, वय साठीच्या आसपास, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. "गाडी अठीच ठेवा दादा. तठी नाही न्यायची." शेडच्या मागे जमीन साफ करून, झाडून, मुरूम टाकलेली जागा आहे. गाडीचं तोंड खालच्या बाजूला, रस्त्याकडे करून लावायची. म्हणजे परत निघताना रिव्हर्स घ्यावा लागत नाही, रिव्हर्सचा भोंगा वाजत नाही आणि दिवे लागले तरी ते जंगलाकडे जात नाहीत. लावून झाली की सामान सगळं एकदम काढून घ्यायचं, दारं एकदाच बंद करायची, आणि रिमोट न दाबता किल्लीनं लॉक करायचं. रिमोटचा तो 'टुक' आवाज रात्री किती लांब जातो हे त्यांनी स्वतः मचाणावर बसून ऐकलं आहे.

तिथून मचाण पाऊण किलोमीटर. माझ्या भाच्यानं मोबाइलवर मोजलं तर जवळजवळ साडेसातशे मीटर भरलं.

हा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, मे महिन्यात आला होता. मला जे अंगवळणानं कळत होतं त्याचा शिस्तशीर हिशेब त्याच्याकडे होता. तो स्वतः शिकार करत नाही, घरात कोणी मटणही खात नाही, पण तिथे ऑफिसातले निम्मे लोक नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात. तिथे ती कायदेशीर आहे. परवाना काढायचा, ठरलेला हंगाम पाळायचा. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे घालावे लागतात, कारण माणसानं माणसाला हरीण समजू नये. झाडावर पंधरा-वीस फुटांवर बसायची जागा बांधतात, म्हणजे आपलं मचाणच. आणि त्या लोकांची सगळ्यात मोठी चर्चा चालते ती ट्रक कुठे ठेवायचा यावर.

"मामा, तिकडे सगळे साधारण पाव मैल ते अर्धा मैल म्हणतात," तो म्हणाला. म्हणजे चारशे ते आठशे मीटर. पण त्यांची अडचण अशी की मारलेलं हरीण गाडीपर्यंत ओढत आणायचं असतं. पांढऱ्या शेपटीचं पूर्ण वाढलेलं नर हरीण साठ-सत्तर किलोचं सहज भरतं. गाडी फार लांब ठेवली तर बर्फातून ते ओढताना दम निघतो, जवळ ठेवली तर हरीण येतच नाही. त्या दोन टोकांत त्यांचा सगळा खल चालतो. कोणी ट्रॅक्टरवर बसून जातात, मचाणाखाली उतरतात आणि ट्रॅक्टर तसाच चालता ठेवून दुसरा माणूस परत नेतो. शेतातला ट्रॅक्टर हरणांच्या रोजच्या पाहण्यातला. तो येतो, जातो, त्याचं त्यांना काही वाटत नाही. जो येऊन थांबतो, ज्याची दारं उघडतात, ज्यातून दोन पायांवर माणूस उतरतो, त्याचं वाटतं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. आपल्याला काहीही ओढून आणायचं नसतं. मग गाडी जवळ ठेवण्याचं एकही कारण आपल्यापाशी उरत नाही. अमेरिकेतला शिकारी नाइलाजानं चारशे मीटरवर येतो. नुसतं बघायला जाणाऱ्यानं साडेसातशे चालायला काय हरकत आहे? पर्यटन म्हणून मचाण चालवणाऱ्या प्रत्येकानं हा हिशेब मांडावा असं मला कळकळीनं वाटतं.

आता आप्पांची खरी हुशारी. नुसतं अंतर लांब ठेवलं आणि दिशा चुकली, तर पाऊण किलोमीटरही पुरत नाही. शेड मचाणाच्या आग्नेयेला आहे, आणि ते तसं असणं फार मोलाचं आहे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारभर पश्चिमेचा तापलेला वारा वाहतो. तो पाणवठ्यावरून मचाणाकडे आणि तिथून पुढे शेडकडे जातो, म्हणजे गाडीचा, डिझेलचा, माणसाच्या घामाचा वास पाण्यापासून दूर. सूर्य बुडाला की खेळ बदलतो. पश्चिमेचा वारा पडतो, उतारावरची जमीन भराभर निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारानं खाली सरकायला लागते. सातपुडा आपल्या उत्तरेला, नाले सगळे दक्षिणेला तापीकडे उतरणारे. त्यामुळे रात्रीची ही गार झुळूक उत्तरेकडून दक्षिणेकडे, नाल्याच्या पात्रातून खाली वाहते. मचाणावर बसल्यावर ती चेहऱ्यावर अगदी स्पष्ट लागते. साडेआठच्या सुमाराला मला तिच्यासाठी उपरणं घ्यावं लागलं, दिवसा चव्वेचाळीस अंश तापलेल्या त्याच जागेवर. गाडी पाणवठ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या बाजूला लावली असती तर तिचा वास या झुळकीनं थेट बशीवर आणून ओतला असता. आग्नेयेला लावल्यामुळे दुपारचा वाराही सांभाळला जातो आणि रात्रीचाही.

हे त्यांना कोणी शिकवलं असं विचारलं तर म्हणाले, रात्री केळीला पाणी द्यायला गेलं की बिडीचा धूर कुठे जातो ते दिसतंच. बिडी आता सोडली, पण धुराची दिशा लक्षात राहिली.

शेडपासून मचाणापर्यंत दोन रस्ते. पायाचे धड असतील त्यांनी नाल्याच्या काठानं चालायचं. पायवाट त्यांनी झाडून ठेवली आहे, सागाचं वाळलेलं पान पायाखाली येऊ नये म्हणून. सागाचं पान मेमध्ये पापडासारखं वाजतं, एक पाऊल पडलं की समोरच्या टेकाडापर्यंत कळतं. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बैलगाडी. मी आणि माझी बायको गाडीत बसलो, तिचे गुडघे दुखतात. भाचा चालत येत होता. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा होत्या. भाच्याला वाटलं, एवढी काळजी घेतात तर घुंगरं काढायला हवीत, आणि त्यानं तसं सुचवलंही. आप्पा म्हणाले, "नाही काढायची. त्याहिले त्यो आवाज रोजचा हाये." ती गाडी रोज त्याच वेळेला वैरण आणि पाइप घेऊन वर जाते आणि परत येते. एखाद्या दिवशी ती घुंगरांशिवाय गेली तर तीच गोष्ट नवीन. मचाणापाशी गाडी थांबली, आम्ही शिडी धरली, आणि बैल लगेच वळवून ते खाली घेऊन गेले. विस्कॉन्सिनच्या ट्रॅक्टरचीच युक्ती, फक्त इथे तिला नाव नाही. भाचा त्या घुंगरांकडे बराच वेळ बघत राहिला.

मचाणावर चढलो तेव्हा साडेपाच झाले होते. पहिला तास उन्हाचा. मचाण बशीच्या आग्नेयेला, म्हणजे तोंड वायव्येला, आणि मेमध्ये सूर्य नेमका त्याच बाजूला मावळतो. सात वाजेपर्यंत ऊन सरळ डोळ्यांत येतं. फोटो काढणाऱ्यांना हे अजिबात आवडणार नाही. पाण्यावर आलेलं जनावर काळी आकृती होऊन दिसतं. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच समजून जावं. पण वाऱ्यासाठी उजेड सोडला, हा त्यांचा निर्णय मला मान्य आहे. उजेड चांगला आणि जनावर नाही, अशा मचाणाचा उपयोग काय? शिवाय चांदण्यात हीच दिशा कामाला येते. मेमधला पूर्ण चंद्र आग्नेयेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून वर येतो. आठनंतर त्याचा उजेड आपल्या डोक्यावरून समोर बशीवर पडतो आणि जनावर नीट उजळतं. पौर्णिमेच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत जा असं मी सांगेन.

ऊन उतरत होतं तेव्हा पहिल्यांदा मोर आले, मग रानडुकरांचा कळप. डुकरं येतात ती बिनधास्त, पाण्यात लोळून बशी गढूळ करून जातात. सूर्य टेकडीला टेकला आणि एक भेकर आलं. भेकराला मी आयुष्यभर ऐकत आलो. रात्री ते कुत्र्यासारखं भुंकतं, तेवढंच. पाहिलं होतं ते पळतानाचं, मागून. इथे ते पाण्याच्या दहा पावलं अलीकडे येऊन उभं राहिलं, एक पाय उचललेला, कान वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. एक कान आमच्याकडे, एक नाल्याकडे. कितीतरी वेळ तसंच. मी श्वास घेत होतो तोही तोंड उघडं ठेवून. मग त्यानं मान खाली घातली आणि पाणी प्यायलं. जीभ पाण्याला लागल्याचा आवाज मला ऐकू आला. त्या क्षणी मला शेडमागे उभी असलेली आमची डिझेल गाडी आठवली. उन्हात सत्तर-ऐंशी किलोमीटर पळून आलेलं इंजिन थंड होताना तासभर 'टिक... टिक...' करत राहतं, सायलेन्सरचा पत्रा आकसताना तडतडतो, रेडिएटरचा पंखा गाडी बंद केल्यावरही मध्येच गरगरतो. हे सगळं झाडाखाली, वीस पावलांवर चालू असतं तर ते भेकर टेकडीवरूनच परत गेलं असतं. आम्हाला कळलंही नसतं की ते आलं होतं.

अंधार पडल्यावर रोही आली, तीन माद्या आणि एक काळसर नर. त्यांचा शेतकऱ्यांना होणारा त्रास मला माहीत आहे, माझ्या सासुरवाडीचा हरभरा दोन-दोन रात्रींत त्यांनी संपवला आहे, आणि आप्पांच्या केळीचीही नासधूस होते. तरी ते पाणी भरतात. त्यांचा अनुभव असा की वर पाणी मिळालं की उन्हाळ्यात जनावर बागेत कमी उतरतं. प्रत्येक शेताला हे लागू पडेल असं नाही, पण त्यांच्या शेताचं ते सांगतात.

रात्री साडेनऊच्या सुमाराला चौशिंगा आला, नर. आधी आम्हाला तो दुसरं भेकर वाटला. दुर्बिणीतून मागची दोन शिंगं दिसली, त्यांच्या पुढे कपाळावर आणखी दोन आखूड ठोंब. चौशिंग्याला पाणी लागतंच, ते पाण्यापासून फार लांब राहत नाहीत, चिंकारा जसा पाण्याशिवाय दिवस काढू शकतो तसं यांचं नाही. म्हणून उन्हाळी पाणवठ्यावर चौशिंगा दिसायची आशा धरता येते, पण तो इतका भित्रा की एक खोकला आला तरी संपलं. माझ्या बायकोनं माझा हात धरला होता. तिला जंगलाची फारशी आवड नाही, माझ्यासाठी आली होती. तो परत जाईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

याच उन्हाळ्यात दुसऱ्या एका ठिकाणीही बसलो होतो, जिल्ह्यातच. त्याचं नाव घेत नाही. तिथे गाडी मचाणाच्या बुंध्यालाच लावतात आणि 'पाहुण्यांना चालायला नको' असं अभिमानानं सांगतात. मचाण देखणं, गाद्या स्वच्छ, जेवण गरम. आमच्या मागून आणखी एक गाडी आली, तिचे दिवे पूर्ण बशीवरून फिरले. दारं चार वेळा वाजली. पहाटेपर्यंत एक ससा आणि दोन टिटव्या. मालकाचा समज असा की त्या भागात जनावरच उरलेलं नाही. सकाळी मी बशीभोवती फिरून पाहिलं तर चिखलात भेकराचे खूर होते, आदल्या दिवसांचे. जनावर आहे. ते फक्त गाडी नसेल त्या रात्री येतं. इतकी साधी गोष्ट त्यांना मी समजावून सांगितली, त्यांनी ऐकून घेतली. पुढच्या उन्हाळ्यात गाड्या फाट्यावर ठेवायची सोय करू म्हणाले. केली तर मी पुन्हा जाईन आणि त्याबद्दलही लिहीन.

गाडी लांब ठेवण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते जनावर दिसण्यापेक्षा मोठं आहे. मेमध्ये सातपुड्यात गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. गाडीचा सायलेन्सर, विशेषतः आजकालच्या गाड्यांतला धूर शुद्ध करणारा डबा, लांब पल्ल्यानंतर प्रचंड तापलेला असतो. तसली गाडी गुडघाभर वाळलेल्या गवतात उभी केली तर खालचं गवत पेट घेऊ शकतं. वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं ते वणवा अडवायला. आपण एका पार्किंगनं त्या मेहनतीवर पाणी फिरवायचं का? आप्पांच्या शेडमागे मुरूम टाकलेला आहे, गवताची काडी नाही, कोपऱ्यात वाळूनं भरलेल्या दोन बादल्या आणि पाण्याचं पिंप. कोणत्याही मचाणावर गेलात तर गाडी लावण्याआधी खाली वाकून बघा. गवत असेल तर लावू नका, मालक काहीही म्हणो.

जेवणाबद्दल. साडेचार वाजता शेडवरच जेवून घ्यायचं, हा त्यांचा नियम. वर काही शिजवत नाहीत, फोडणीचा वास नको म्हणून. वहिनींनी कळण्याची भाकरी, डाळगंडोरी, कांदा, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि आमरस दिला. भाकरी चुलीवरची, गरम, कडेला थोडी करपलेली, ज्वारी-उडदाचा तो खमंगपणा जिभेवर राहणारा. भाच्यानं पाच वर्षांत अशी भाकरी खाल्ली नव्हती, तो बोलायचाच थांबला. वर नेण्यासाठी दशम्या, गूळ-शेंगदाणे आणि मातीच्या सुरईत पाणी. प्लॅस्टिकच्या बाटल्या शेडवरच ठेवून घेतात, दाबली की वाजते म्हणून.

पैसे माणशी बाराशे, जेवण आणि सकाळचा चहा धरून. बैलगाडीचे वेगळे घेत नाहीत. भाव योग्य आहे. अधूनमधून एखादी रात्र काहीच येत नाही, तेव्हाही पूर्ण पैसे घेतात, आणि ते आधीच स्पष्ट सांगतात. हे मला आवडलं. जनावर दाखवायची हमी देणाऱ्यापासून लांबच राहावं.

आता जे पटलं नाही ते. मचाणाची शिडी फार खडी आहे, एका बाजूला धरायला कठडा नाही. आम्हाला वर चढवताना खाली दोन माणसं उभी राहिली, पण वयस्करांसाठी कठडा हवाच, दोन पाइप वेल्ड करायचं काम आहे. संडासाची सोय फक्त शेडवर. बायकांसाठी ही खरी अडचण आहे. साडेपाच ते सकाळी सहा इतका वेळ वर बसायचं आणि रात्री खाली उतरता येत नाही. मचाणाच्या मागच्या अंगाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आडोसा करून कोरड्या मातीची सोय करता येईल. मी त्यांना सांगितलं आहे, वहिनींनाही ते पटलं.

रात्री मध्येच परत यायची वेळ आली तर? भाच्यानं हे मुद्दाम विचारलं, कारण पाऊण किलोमीटर अंधारात चालणं, तेही बिबट्याच्या मुलखात, ही चेष्टा नाही. त्यांची पद्धत अशी: एकट्यानं खाली उतरायचं नाही. मचाणावर एक मोबाइल चालतो तेवढी रेंज येते. मिस्ड कॉल दिला की आप्पांचा मुलगा आणि गडी दोघं काठ्या-कंदील घेऊन वर येतात, मोठ्यानं बोलत येतात, आणि सगळ्यांना मधे घेऊन खाली नेतात. त्या रात्री मग पाणवठा संपला असं समजायचं. लहान मुलं किंवा कोणी आजारी असेल तर त्यांना ते घेतच नाहीत. हृदयाचा, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आग्रह धरू नये.

आणि ही सगळ्यात कामाची सूचना, जी ते स्वतःहून सांगत नाहीत. बुकिंग करताना विचारा, "त्या रात्री माल भरायचा आहे का?" केळीची कापणी झाली की ट्रक संध्याकाळनंतर शेडवर लागतो, मजूर घड आणतात, दिवे लागतात, ट्रकचा क्लीनर फळकुटं आपटतो, ड्रायव्हर गाणी लावतो. धंदा आहे, त्याला कोण नाही म्हणणार. घर त्यावर चालतं. पण पाऊण किलोमीटरवरून तो सगळा आवाज शांत रात्री वर येतो आणि त्या रात्री मचाणाचा फारसा उपयोग नाही. आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ट्रक येणार होता. कापणीची तारीख चार-पाच दिवस आधी ठरते, त्यामुळे आदल्या दिवशी पुन्हा एकदा फोन करून खात्री करून घ्या. तारीख सरकली तर ते पैसे न कापता दुसरी रात्र देतात.

मोठी गाडी घेऊन जाऊ नका. शेडपर्यंतचा शेवटचा तुकडा बैलगाडीच्या चाकोरीचा आहे, खालून दगड लागतो. दुचाकीनं गेलात तर ती शेडच्या आत लावायला देतात. पेट्रोल सावद्यालाच भरून घ्या. कपडे मातकट किंवा हिरवे, अत्तर-पावडर नको, चप्पल रबरी. टॉर्चला लाल कागद लावून न्या, हरणाला लाल उजेड फारसा कळत नाही. पण तोही फक्त शिडीवर पाय ठेवताना, पाण्याकडे नाही. जूनच्या पहिल्या पावसानंतर नाल्यांत पाणी साठतं, जनावर बशीवर यायचं थांबतं, आणि ते लोक मचाण बंद करून पेरणीला लागतात. म्हणजे जायचं तर मार्च ते मे.